पावसाळ्यात बांधकामाची माती नाल्यात जाऊ नये म्हणून काय करावं? पांढुर्णा–सौंसर भागासाठी सविस्तर माहिती

प्लॉट पाडायला, रस्त्याचा भराव टाकायला किंवा इमारतीचा पाया खोदायला सुरुवात झाली, की जमिनीवरचं गवत आणि झाडोरा आधी निघतो. खालची माती उघडी पडते. त्यावर जोराचा पाऊस आला, की ती माती पाण्यासोबत नालीत, नालीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाते. वाटेत ती कोणाच्या वावरात साचते, कोणाच्या विहिरीत उतरते, तर कुठे पुलियाची नळी बुजवते. यालाच बांधकामावरचा गाळ म्हणतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके त्यात आले. नवा जिल्हा म्हटला की नवी कार्यालयं, वसाहती आणि रस्ते आलेच. नागपूर–बैतूल राष्ट्रीय महामार्ग ४७ पांढुर्ण्याहून जातो, सावनेर–छिंदवाडा महामार्ग ५४७ सौंसरहून. इटारसी–नागपूर रेल्वेच्या तिसऱ्या लाईनचं काम याच पट्ट्यातलं आहे. सौंसरजवळ बोरगावचं औद्योगिक क्षेत्र आहे, आणि जामसावळीच्या हनुमान मंदिराच्या परिसरात मोठं बांधकाम हाती घेतलं आहे. एवढी माती उघडी पडणार असेल, तर ती पावसात कुठे जाते हे पाहणं भाग आहे.

हे पाणी जातं कुठे?

पांढुर्णा शहरातून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मध्ये गोटमार होते ती हीच नदी. (काटोल तालुक्यातली जाम नदी वेगळी, तिच्याशी हिचा घोळ करू नये.) पांढुर्ण्याची जाम पुढे सौंसर भागातून जाऊन कन्हानला मिळते. कन्हान सातपुड्यातून उतरून नागपूर जिल्ह्यात शिरते, कामठीजवळ तिला पेंच मिळते, आणि पुढे ती वैनगंगेत जाते. नागपूर शहराला मुख्य पाणी पेंचचं असलं, तरी शहराचा एक भाग कन्हानच्या पाण्यावर आहे. पावसाळ्यात नदीचं पाणी फार गढूळ झालं, की जलशुद्धीकरण केंद्रात ते स्वच्छ करायला जास्त वेळ आणि जास्त तुरटी लागते. अशा दिवसांत पाणीपुरवठा कमी होतो.

म्हणजे पांढुर्ण्याच्या एखाद्या प्लॉटवरून वाहिलेली माती राज्याची सीमा ओलांडून नागपूरकडे जाते. नदीतला सगळाच गाळ बांधकामाचा नसतो. घाटातली माती, नांगरलेली वावरं आणि नदीचे ढासळणारे काठ यांचा वाटाही मोठा असतो. पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा, की तेवढ्याच जागेवर शेतापेक्षा बांधकामाच्या उघड्या जमिनीवरून १० ते २० पट माती वाहू शकते, आणि जंगलाच्या तुलनेत १,००० ते २,००० पट. जागा लहान असली तरी गाळ मोठा असतो, तो यामुळे.

नुकसान कोणाचं होतं?

सर्वांत आधी उताराखालच्या शेतकऱ्याचं. हा सगळा भाग संत्र्याचा. संत्र्याच्या झाडाला बुंध्याशी साचलेलं पाणी आणि बुंध्यावर चढलेली माती, दोन्ही सोसत नाही. कलमाचा जोड मातीखाली गेला की फायटोप्थोरा बुरशीला आयती वाट मिळते. मग डिंक्या लागतो आणि मुळं कुजतात. आंबिया बहाराची फळं पावसाळ्यात झाडावरच असतात. त्या वेळी बागेत पाणी तुंबलं, तर फळगळ होते. बाग लगेच वाळत नाही. दोन-तीन वर्षांत एकेक झाड जातं आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

“गाळ आला तर वावराला खतच झालं,” असं पुष्कळ लोक म्हणतात. तलावाच्या गाळाबद्दल ते बरोबर आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तोच गाळ शेतात नेला जातो. बांधकामावरचा गाळ मात्र तसा नसतो. त्यात खालच्या थरातला मुरूम, चुनखडीचे खडे, गिट्टीची डस्ट आणि सिमेंटचं धुवण असतं. चुनखडीची जमीन संत्र्याला मानवत नाही, हे बागायतदारांना वेगळं सांगायला नको.

दुसरं नुकसान गावाचं. रपटे आणि पुलियांच्या नळ्या गाळाने अर्ध्या बुजल्या, की नेहमीच्या पावसातही पाणी रस्त्यावर येतं. शहरातल्या नाल्या भरल्या की घरात पाणी शिरतं. विहिरीचा तळ गाळाने भरला की झरे दबतात.

तिसरं नुकसान काम करणाऱ्याचंच. भरावाला घळी पडतात, दाबलेला मुरूम वाहून जातो, पायाचा खड्डा ढासळतो. विकत आणलेली रेती नालीत जाते, ती वेगळीच. तेच काम पावसाळा संपल्यावर दुसऱ्यांदा करावं लागतं.

एका पावसात किती पाणी, किती माती?

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे १०० मिलिमीटर पावसात एकरभर प्लॉटवर चार लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. ५,००० लिटरच्या टँकरने मोजलं तर ८० टँकर. गवताळ जमिनीत त्यातलं बरंच मुरतं. रोलर आणि हायवाच्या चाकांनी दबलेल्या जमिनीवर निम्म्याहून जास्त पाणी वाहूनच जातं.

हवामान खात्याच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. खरा धोका मात्र पाऊस किती वेळात पडतो त्यात असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अर्धं शहर पाण्यात गेलं. असा पाऊस सीमेच्या अलीकडेही पडू शकतो.

आता मातीचा हिशेब. एका एकरावरून फक्त एक सेंटिमीटर थर वाहिला, तर ती ४० घनमीटर, म्हणजे सुमारे १४ ब्रास माती होते. उताराच्या उघड्या प्लॉटवर बोटभर खोल घळ्या पडलेल्या दिसल्या, की हिशेब ब्रासमध्ये चालला आहे असं समजावं.

काळ्या मातीची अडचण: नुसता खड्डा का पुरत नाही?

इथली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार. ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे तिच्यावर पाया घेत नाहीत. मिस्त्री ती काढून टाकतो आणि मुरूम भरतो. म्हणूनच इथल्या जवळपास प्रत्येक बांधकामाच्या बाजूला काळ्या मातीचा ढीग दिसतो, आणि बहुतेक वेळा तो नालीच्या कडेलाच असतो.

गाळ अडवायला “खाली एक खड्डा खोदून टाकू” हा उपाय सगळ्यांना सुचतो. तो किती कामाचा, ते मातीच्या कणावर ठरतं. एक मीटर खोल थांबलेल्या पाण्यात कण खाली बसायला लागणारा साधारण वेळ असा:

- बारीक रेती (०.१ मिलिमीटर): दोन मिनिटं
- पोयटा (०.०१ मिलिमीटर): तीन तास
- चिकणमाती (०.००२ मिलिमीटर): तीन दिवसांहून जास्त. त्याहून बारीक कण आठवडेच्या आठवडे तरंगत राहतात.

मुरूम आणि रेती खड्ड्यात थांबेल. काळी माती थांबणार नाही. पाऊस चालू असताना खड्ड्यात पाणी तीन दिवस स्थिर राहत नाही. ते भरून वाहतं आणि काळंच्या काळं पुढे जातं. म्हणून इथे कामाचा क्रम उलटा धरावा लागतो. काळी माती पाण्यात मिसळल्यावर ती अडवणं जवळपास अशक्य आहे. ती पाण्यात मिसळूच न देणं, हाच मुख्य उपाय. खड्डा आणि जाळी हे त्यानंतरचे.

पहिलं काम: वेळ आणि जागा ठरवणं

मोठी खोदाई आणि सपाटीकरण जानेवारी ते मे या काळात उरकावं. मिरगाआधी उघडी जमीन जितकी कमी करता येईल तितकी करावी. पाच एकराचा ले-आउट असला, तरी पाचही एकर एकदम सोलून ठेवायची गरज नसते. ज्या भागात या महिन्यात काम आहे तेवढाच उघडावा. बाकीचं गवत-झाडोरा तसाच राहू द्यावा. नाल्याच्या कडेचा पट्टा तर सगळ्यांत शेवटी हात लावायचा, किंवा लावायचाच नाही. उभ्या गवताचा पट्टा गाळ गाळून घेतो आणि त्याला पैसा लागत नाही.

काढलेली काळी माती पावसाआधी वावरात पोचवावी. वरच्या थरातली ती चांगली माती असते. आसपासच्या शेतकऱ्याला बांधबंदिस्तीला, धुऱ्याला किंवा हलक्या जमिनीत टाकायला ती हवी असते. काही माती बागबगिच्यासाठी जागेवर ठेवायची असेल, तर ढीग नालीपासून आणि उताराच्या वाटेपासून लांब, बुटका आणि पसरट ठेवावा. वर ताडपत्री टाकून कडा दगडांनी किंवा माती भरलेल्या चुंगड्यांनी दाबाव्या. खालच्या बाजूला चुंगड्यांची एक ओळ लावावी.

दुसरं काम: वरचं पाणी बाहेरून वळवणं

प्लॉटवर पडणारं पाणी टाळता येत नाही. वरच्या वावरातून किंवा टेकडीवरून येणारं पाणी मात्र टाळता येतं. जागेच्या वरच्या कडेने चर खोदून, त्याची माती खालच्या बाजूला बांधासारखी टाकून, हे स्वच्छ पाणी बाहेरून काढून द्यावं. शेतकरी धुऱ्याला करतो तसंच हे काम. चराचा उतार अगदी कमी ठेवावा, नाहीतर चरच खचत जातो. उतार जास्त असेल तिथे चरात थोड्या थोड्या अंतरावर अनघड दगडांचे लहान बांध घालावे. उंची दोन फुटांपेक्षा जास्त नको आणि मधला भाग कडांपेक्षा अर्धा फूट खाली हवा, म्हणजे पाणी मधून जाईल, कडा फोडणार नाही. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा, एवढं अंतर पुरतं.

वळवलेलं पाणी शेजाऱ्याच्या वावरात सोडू नये. ते जिथे आधीपासून जात होतं त्या नाल्यातच, दगड पिचून केलेल्या तोंडातून सोडावं. बांधकामाच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे असतं.

तिसरं काम: उघडी माती झाकणं

पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो आणि ढेकूळ फोडतो. गाळाची सुरुवात तिथून होते. थेंब कशावर तरी आधी पडला, की निम्मं काम झालं.

या भागात झाकायला साहित्य कमी नाही. गव्हांडा, सोयाबीनचं कुटार, तणस, वाळलेलं गवत यांतलं काहीही चालतं. एकरी दीड ते दोन टन, म्हणजे खालची माती सहसा दिसणार नाही इतका थर हवा. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून जुनी जाळी टाकावी किंवा ट्रॅक्टरच्या तव्याने हलकं दाबून घ्यावं. तीव्र उतारावर कुटार टिकत नाही, वाहून जातं. तिथे ज्यूटची किंवा काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी पक्की करावी.

काम दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबणार असेल, तर त्या जागेवर काहीतरी पेरून टाकावं. ताग, धैंचा, बाजरी किंवा ज्वारी दाट फेकली, तर ओल असताना चार-पाच दिवसांत उगवते. कायमच्या उतारासाठी हराळी आणि वाळा चांगले. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि भराव धरून ठेवतात. अमेरिकेत बांधकामाच्या परवान्यात १४ दिवसांचा असाच नियम आहे: काम तेवढे दिवस थांबणार असेल, तर उघडी जमीन झाकायला घ्यायची.

चौथं काम: कडेला गाळ अडवणं

वरची तीन कामं झाल्यावर जो गाळ तरीही येईल, त्याच्यासाठी खालच्या कडेला अडसर.

*कापडी जाळी.* बाजारात यासाठी जिओटेक्स्टाईलचं कापड मिळतं. साधं हिरवं शेडनेट एकटं पुरत नाही, त्याची छिद्रं मोठी असतात. आतून गोणपाट लावलं तर लहान कामाला चालतं. खालची अर्धा फूट किनार चर खोदून मातीत गाडलीच पाहिजे. बहुतेक जाळ्या इथेच फसतात, कारण गाडलेली नसली की पाणी खालून जातं. खुंट साधारण दोन मीटरवर ठोकावे. जाळी उताराला आडवी, समपातळीत लावावी आणि दोन्ही टोकं वर वळवावी. ३० मीटर जाळीमागे सुमारे पाव एकराचंच पाणी यावं. मागे साचलेला गाळ जाळीच्या एक तृतीयांश उंचीला आला की काढावा. वाहत्या नाल्यात ही जाळी कधीच लावू नये, पहिल्याच लोंढ्यात जाते.

*तुराट्यांची ताटी.* कापड मिळत नसेल तर दोन ओळी खुंटांच्या मध्ये तुराट्या गच्च दाबून, खालून चुंगड्या लावून ताटी करता येते. पऱ्हाट्या शक्यतो वापरू नये. वाळलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, त्या शिवारात साठवूच नये असंच कृषी विभाग सांगतो.

*गाळाचा खड्डा.* मोठ्या जागेला खड्डा हवाच, पण तो रेती, मुरूम आणि जाड गाळासाठी आहे हे ध्यानात ठेवून. अमेरिकेतल्या नियमाचं माप एकरी सुमारे १०० घनमीटर आहे. लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी नको, म्हणजे एका टोकाने आलेलं पाणी दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत थोडं थांबतं. बाहेर पडायची वाट दगडांची आणि बांधाच्या माथ्यापेक्षा खाली असावी. अशी वाट नसेल, तर पाणी बांध फोडून एकदम बाहेर पडतं आणि नुसत्या गाळापेक्षा मोठं नुकसान करतं. खड्ड्याभोवती कुंपण घालावं, लेकरं आणि जनावरं पडण्याचा धोका असतो.

पाचवं काम: चाकं आणि पंप

हायवाच्या चाकाला लागून काळी माती डांबरी रस्त्यावर येते आणि पहिल्या सरीत नालीत जाते. दुचाकीवाले घसरतात ते याच चिखलावर. फाटकाजवळ १५ मीटर लांब आणि अर्धा फूट जाड असा दोन-तीन इंची गिट्टीचा पट्टा टाकला, तर बरीच माती तिथेच झडते. रस्त्यावर आलेली माती फावड्याने उचलावी. पाण्याने धुवून नालीत घालू नये.

पायाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी मोटार लावून सरळ नालीत सोडणं ही इथली सर्रास पद्धत आहे, आणि सगळ्यांत जास्त काळा गाळ त्यातूनच जातो. पंपाचा फुटबॉल तळाला न ठेवता वर तरंगता बांधावा. पाणी आधी गवताच्या पट्ट्यावर किंवा दुसऱ्या खड्ड्यात सोडावं. पाणी फारच काळं असेल, तर घरी रांजणात फिरवतात तीच तुरटी इथेही कामी येते. बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि खाली बसतात. मात्र ती थांबलेल्या पाण्यात, मोजून वापरावी. वाहत्या नाल्यात तुरटी टाकू नये.

मिक्सर आणि घमेली धुतलेलं सिमेंटचं पाणी वेगळ्या खड्ड्यात जिरवावं. ते फार खारट-चुनखट असतं. नाल्यात गेलं तर मासोळी मरते.

रस्ता आणि रेल्वेच्या कामात काय पाहावं?

लांबलचक कामात अडचण वेगळी असते. भरावाचा उतार किलोमीटरच्या किलोमीटर उघडा असतो आणि तो अनेक नाले ओलांडतो. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या रस्ते व पूल कामांच्या विनिर्देशांत कलम ३०६ हे खास जमिनीची धूप आणि गाळ रोखण्याबद्दलच आहे. भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी ५६ ही पुस्तिका भरावाच्या आणि रस्त्याकडेच्या उतारांची धूप कशी थांबवावी ते सांगते. म्हणजे राष्ट्रीय महामार्गाच्या ठेकेदाराला हे नवं काम नाही, ते त्याच्या कामाच्या कागदात आधीच असतं. गावकऱ्यांनी किंवा सरपंचांनी साइट इंजिनिअरला विचारायचं ते एवढंच: कलम ३०६ प्रमाणे या नाल्याजवळ काय केलं आहे?

पावसाआधी तीन गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. भरावाच्या माथ्यावरचं पाणी ठरावीक ठिकाणाहून पक्क्या नालीने खाली येतं का? पुलियाच्या दोन्ही तोंडांशी मातीचे ढीग पडले आहेत का? आणि नाल्यात केलेला तात्पुरता मातीचा वळणरस्ता मिरगाआधी काढला आहे का? तिसरी गोष्ट राहून गेली, तर पहिल्या पुरात तो अख्खा वळणरस्ता नदीत जातो.

एका घराचं बांधकाम असेल तर?

घरकुल असो की दोन मजली घर, परवानगीच्या कागदात गाळाचा उल्लेख सहसा नसतो. तरी खर्च न करता एवढं होतं:

1. रेती, डस्ट आणि माती नालीच्या काठावर उतरवून घेऊ नये. जागाच नसेल, तर विटांची एक ओळ आडवी लावावी.
2. रात्री काम संपलं की ढिगावर ताडपत्री.
3. पायाची माती पायातच लवकर भरून घ्यावी, उरलेली उचलून न्यावी.
4. अंगणाच्या खालच्या बाजूला चुंगड्यांची ओळ.
5. छपराचं पाणी उघड्या मातीवर पडू न देता पाईपने काढून द्यावं.

पावसाचा इशारा आला की

हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. नारिंगी इशारा आला की नवी खोदाई थांबवावी, ढीग झाकावे, खड्डा आणि जाळीमागचा जुना गाळ काढावा, पुलियाची तोंडं मोकळी करावी. पाऊस चालू असताना पाण्यात उतरून जाळी दुरुस्त करायला कोणाला पाठवू नये, खचलेल्या काठाशी जीव जातो. पाऊस उघडल्यावर त्याच दिवशी फेरी मारावी. कुठे घळ पडली, कुठे जाळीखालून पाणी गेलं, ते बघून पुढच्या पावसाआधी बुजवावं. काढलेला गाळ नाल्याच्या काठावर टाकला, तर तो पुन्हा नाल्यातच जाणार. तो वरच्या सपाट जागेवर न्यावा.

कायदा काय सांगतो, तक्रार कुठे करायची?

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ सीमेच्या दोन्ही बाजूंना लागू आहे. त्यात फक्त विषारी पाण्याची गोष्ट नाही. नाल्या-नदीच्या प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण बरंच वाढेल असा कोणताही पदार्थ जाणूनबुजून त्यात घालायलाही मनाई आहे. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मलब्याने रहदारी किंवा नाल्या अडवायला बंदी घातली गेली. त्यांची जागा घेणारे २०२५ चे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या अटींत माती आणि पाण्याचं नियोजन मागितलं जातं. त्या अटींची प्रत मागून घ्यावी.

मध्य प्रदेशात शहरी भागासाठी नगरपालिका किंवा नगर परिषद, गावासाठी ग्रामपंचायत आणि जनपद पंचायत, त्यावर तहसीलदार आणि कलेक्टर कार्यालय असा क्रम आहे. दर मंगळवारी जनसुनवाई असते, आणि फोनवर तक्रारीसाठी सीएम हेल्पलाईन १८१. नदी-नाल्यात गाळ किंवा घाण जात असेल, तर मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहावं. सावनेर, काटोल, नरखेड किंवा वरुड भागातल्या वाचकांसाठी ग्रामपंचायत, तलाठी, तहसीलदार, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि ‘आपले सरकार’ पोर्टल हे मार्ग आहेत. पाणी एका राज्यातून दुसऱ्यात जात असेल, तर अर्ज दोन्हीकडे द्यावा.

तक्रारीआधी पुरावा जमवावा. पावसाआधीचा आणि पावसानंतरचा, एकाच जागेवरून काढलेला फोटो, तारीख, खसरा किंवा गट नंबर, आणि बागेत किंवा वावरात गाळाचा थर किती इंच चढला त्याचं माप. वावराचं नुकसान झालं असेल, तर गाळ हलवण्याआधी पटवारी किंवा तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. गाळ उचलल्यावर मोजायला काही उरत नाही.

बागेत गाळ आलाच असेल, तर पंचनाम्यानंतर वाट बघत बसू नये. आधी चर काढून पाणी बाहेर काढावं. मग कलमाचा जोड मोकळा होईपर्यंत बुंध्याभोवतीची माती हाताने काढावी, आणि खोडाला बोर्डोपेस्ट लावावी. हे काम जितकं लवकर होईल, तितकी झाडं वाचतात.